लेबल-फ्री सेन्सर आणि न वाचलेलं लेबल

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि जीवरसायन या दोन विभागांचा मिळून एक प्रकल्प चालू होता. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात तापाच्या पहिल्या दिवसापासून एनएस-१ नावाचं विषाणूचं प्रथिन सापडतं. ते कुठलाही रंग किंवा एन्झाइम न जोडता (अशा जोडलेल्या खुणेला लेबल म्हणतात), नुसत्या प्रकाशाने मोजायचं, हा प्रकल्पाचा हेतू. मी ऑप्टिक्स लॅबचा तांत्रिक अधिकारी. लेझर, कॅमेरा, पंप, नळ्या आणि सॉफ्टवेअर माझ्याकडे. चिपवरचं रसायन आणि नमुने पीएचडीच्या विद्यार्थिनीकडे. मार्गदर्शक सर भौतिकशास्त्राचे, सहमार्गदर्शक मॅडम जीवरसायनाच्या. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

उपकरणाचं तत्त्व जुनं आहे. एका प्रकाशाचे दोन भाग करायचे, दोघांना वेगळ्या वाटेने पाठवायचं आणि शेवटी भेटवायचं. एकाला वाटेत किंचित उशीर झाला तरी भेटीच्या जागी उमटलेले काळे-उजळ पट्टे, म्हणजे फ्रिंज, सरकतात. थॉमस यंगने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं. झेन्डर आणि माख यांची दोन वाटांची रचना १८९१-९२ची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे, तीही याच कुळातली. तिथे वाट ४ किलोमीटरची, आमच्याकडे १० मिलिमीटरची.

आमची वाट म्हणजे चिपवरचा सिलिकॉन नायट्राइडचा वेव्हगाइड, प्रकाशाला वाहून नेणारी बारीक पट्टी. त्यातून ६३३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश जाताना त्याचा थोडासा भाग पृष्ठभागाबाहेर, वरच्या द्रवात डोकावतो. हे शेपूट साधारण १०० ते २०० नॅनोमीटर लांब असतं. पृष्ठभागावर अँटीबॉडी बसवलेली असेल आणि तिने द्रवातलं प्रथिन धरलं, तर शेपटाच्या वाटेत पाण्याऐवजी प्रथिन येतं, तिथला अपवर्तनांक वाढतो, प्रकाश रेंगाळतो आणि फ्रिंज सरकते. दुसरी वाट, म्हणजे रेफरन्स, सिलिकाच्या थराखाली झाकलेली होती. तिला द्रव दिसतच नव्हता. ही गोष्ट इथे लक्षात ठेवा. आम्ही तीन वर्षं ठेवली नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ तापमानाने खाल्ला. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशामागे साधारण ०.०००१ ने घटतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण या उपकरणाला तो डोंगराएवढा. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की बेसलाइन, म्हणजे नमुना नसतानाची सिग्नलची रेषा, लाटेसारखी वरखाली व्हायची. शेवटी चिपखाली पेल्टिअर, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारी विजेवरची चकती, बसवला, वर थर्माकोलची पेटी केली आणि सकाळी नऊच्या आत मोजणी सुरू करायचा नियम केला. बेसलाइन सरळ झाली त्या दिवशी सरांनी पेढे आणले होते.

आनंदाचा आलेख

मग एनएस-१ची मोजणी झाली. प्रति मिलिलिटर ०.२५ ते ४ मायक्रोग्रॅम अशी पाच द्रावणं, कमीकडून जास्तीकडे. प्रत्येक वेळी फ्रिंज सरकली आणि दुप्पट प्रथिनाला दुप्पट सरकली. पाचही बिंदू पट्टी ठेवून काढल्यासारखे एका रेषेत आले. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे प्रथिनाशिवायची मोजणी, म्हणून नुसता बफर (प्रथिन ज्यात पातळ करतात ते आम्लता स्थिर ठेवणारं खारं पाणी) सोडला तर काहीच हाललं नाही. नॉइजच्या, म्हणजे सिग्नलमधल्या निष्कारण थरथरीच्या, तिप्पट सिग्नल हा नेहमीचा हिशेब लावला, तर मोजता येईल असं किमान प्रमाण प्रति मिलिलिटर ५० नॅनोग्रॅमच्या आसपास येत होतं. त्या आठवड्यात एका परिषदेची मुदत होती. गोषवारा गेला. कंट्रोलच्या नोंदीखाली तपासणारा म्हणून सही माझी होती.

समस्या

पंधरा दिवसांनी मॅडमना सादरीकरणाची स्लाइड दाखवली. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे पाच बिंदूंच्या त्या सरळ रेषेकडे त्यांनी पाहिलंही नाही. कोपऱ्यात वेळेनुसार सिग्नल कसा वाढला याचा छोटा आलेख होता, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा असा टेबलासारखा का आहे गं?"

खरंच टेबल होतं. नमुना आत आला की वीसेक सेकंदांत सिग्नल उभा चढत होता, मग सपाट राहत होता आणि धुण्याचा बफर सोडला की तितक्याच झपकन खाली, थेट शून्यावर.

विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, बाइंडिंग फास्ट आहे."

"बाइंडिंग फास्ट असेल. पण सुटतंय पण फास्ट? बऱ्यापैकी अँटीबॉडीने धरलेलं प्रथिन अर्धं सुटायला दोन-दोन तास लागतात. तुझं वीस सेकंदांत सगळंच गेलं. धरलं होतं कशावरून?"

दोन तास हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. सुटण्याचा दर सेकंदाला ०.०००१ असेल, आणि चांगल्या अँटीबॉडीच्या बाबतीत तो याच घरातला असतो, तर अर्धं प्रथिन सुटायला ६९०० सेकंद लागतात. शिवाय त्यांचा दुसरा मुद्दा असा की पृष्ठभागावरच्या जागा मोजक्याच. प्रथिन वाढवत नेलं की आलेख कुठेतरी वाकायला हवा, जागा भरल्या की सपाट व्हायला हवा. आमचा वाकण्याचं नाव घेत नव्हता. ज्या सरळ रेषेवर आम्ही खूश होतो, तीच त्यांना खटकत होती.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी चौघं बसलो. बैठक फारशी शांत नव्हती.

सरांचा पहिला कल नॉइज आणखी कमी करण्याकडे होता. ऑप्टिक्सवाल्याचा हात आपोआप तिकडेच जातो. मलाही ते पटत होतं, कारण ते काम मला येत होतं. दुसरा पर्याय होता गोषवारा तसाच ठेवून परिषदेपर्यंतच्या तीन महिन्यांत शंका निस्तरण्याचा. विद्यार्थिनीचं तिसरं वर्ष संपत आलं होतं, त्यामुळे या पर्यायाला वजन होतं आणि ते कुणी उघड बोलत नव्हतं. तिसरा, तेच प्रथिन आणि तीच अँटीबॉडी घेऊन बाहेरच्या एखाद्या बायोलेयर इंटरफेरोमेट्रीच्या यंत्रावर ताडून पाहायचं. त्यात फायबरच्या टोकावर अँटीबॉडी बसवून ते टोक नमुन्यात बुडवतात. टोकावरच्या थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशाचं व्यतिकरण पाहिलं की थर किती जाड झाला ते कळतं. औषध कंपन्यांत हे यंत्र रोजच्या वापरातलं आहे, पण वेळ मिळवणं आणि खर्च हे दोन्ही प्रश्न होते.

चौथा पर्याय मॅडमचा, आणि तो इतका साधा होता की आम्हाला थोडी लाज वाटली. "स्टॉकच्या व्हायलवर काय लिहिलंय ते वाचा. आणि प्रथिन सोडून बाकीचं सगळं घालून एकदा चालवा."

हा पर्याय अर्ध्या दिवसाचा होता. बाकी सगळे आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. आधी तोच करायचा, तो होईपर्यंत दुसरं काही नाही, असं ठरलं. मागे वळून पाहताना या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच वाटतो.

काय केलं, काय दिसलं

विद्यार्थिनीने उणे वीसच्या फ्रीझरमधून एनएस-१च्या स्टॉकची, म्हणजे मूळ तीव्र द्रावणाची, व्हायल (कुपी) काढली. कापसाच्या बोळ्याने दव पुसलं. लेबलवर बारीक अक्षरात होतं: प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅम, फॉस्फेट बफर, २० टक्के ग्लिसरॉल. गोठताना प्रथिन खराब होऊ नये म्हणून ग्लिसरॉल घालतात, यात वावगं काही नाही.

आता कागदावरचा हिशेब पाहा. १ मायक्रोग्रॅमचं द्रावण करायला स्टॉक हजारपट पातळ केला, म्हणजे ग्लिसरॉल ०.०२ टक्के उरलं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, ग्लिसरॉलचा १.४७३. इतक्या थोड्या ग्लिसरॉलनेही द्रावणाचा अपवर्तनांक साधारण ०.००००२८ ने वाढतो. त्याच द्रावणात विरघळलेल्या एनएस-१मुळे होणारी वाढ ०.००००००१८. ग्लिसरॉलचा वाटा प्रथिनाच्या दीडशेपट. तापमानाच्या भाषेत सांगायचं तर पाव अंशाहून थोडा जास्त फरक. म्हणजे पेल्टिअर आणि थर्माकोल लावून आम्ही जो चोर दारावर अडवला होता, त्याच्याच मापाचा दुसरा चोर प्रत्येक नमुन्याबरोबर स्वतः आत घेत होतो.

आणि स्टॉक पातळ करताना प्रथिन आणि ग्लिसरॉल एकाच प्रमाणात पातळ होतात. दुप्पट एनएस-१ म्हणजे दुप्पट ग्लिसरॉल. त्यामुळे ती देखणी सरळ रेषा. निगेटिव्ह कंट्रोल नुसत्या बफरचा, त्यात ग्लिसरॉलच नाही, म्हणून तो शांत. मी सही केलेला कंट्रोल नेमका चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होता.

हिशेब कागदावर पटला तरी डोळ्यांनी पाहायचं होतं. बफरमध्ये ०.०२ टक्के ग्लिसरॉल घालून, एनएस-१चा एक रेणूही न घालता, पंप चालू केला. नळीतला बुडबुडा टाळायला घेतो तो छोटा विराम, मग व्हॉल्व्ह फिरल्याचा टक् आवाज. स्क्रीनवरची रेषा काही सेकंद आडवी राहिली, मग उभी चढली आणि जुन्या १ मायक्रोग्रॅमच्या आलेखाच्या उंचीवर जाऊन थांबली. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच दिसत होता. विद्यार्थिनी काही बोलली नाही. तिने फक्त लॅपटॉपवरची ती फाइल "ग्लिसरॉल_१" या नावाने सेव्ह केली.

प्रश्न अर्धाच सुटला होता. ग्लिसरॉलचा भाग वजा केला तर खरं बाइंडिंग किती उरतं? जवळजवळ काहीच नाही. म्हणजे अँटीबॉडी धरत का नव्हती, हे शोधणं आलं.

पुन्हा व्हायल, पुन्हा लेबल. अँटीबॉडी प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅम, सोबत स्थैर्यासाठी १ टक्का बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन, आणि थोडं सोडियम अझाइड. १ टक्का म्हणजे प्रति मिलिलिटर १० मिलिग्रॅम. वजनात अँटीबॉडीच्या दहापट. पण बीएसएचा रेणू ६६ किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) आणि अँटीबॉडीचा १५०चा, त्यामुळे संख्येत पाहिलं तर एका अँटीबॉडीमागे तेवीसेक बीएसए. आम्ही चिपवर सायलेन आणि ग्लुटाराल्डिहाइडने जे हुक लावले होते, ते कुठल्याही प्रथिनाचा अमाइन गट धरतात, नाव विचारत नाहीत. बहुतेक हुक बीएसएने अडवले. अँटीबॉडी बसवताना फ्रिंज भरपूर सरकली होती आणि आम्ही वहीत "इमोबिलायझेशन उत्तम" असं लिहिलं होतं. सरकली होतीच, खोटं नव्हतं. फक्त बसली होती दुसरीच पाहुणी. त्यावर कडी म्हणजे रिकाम्या जागा झाकायला आम्ही शेवटी पुन्हा बीएसएच फिरवलं होतं.

ताडून पाहायला वापरलेली युक्ती मला फार आवडली. आमची अँटीबॉडी उंदराची होती, म्हणून चिपचे तुकडे करून त्यांवर एन्झाइम जोडलेली अँटी-माउस, म्हणजे उंदराच्या अँटीबॉडीला धरणारी अँटीबॉडी टाकली, धुतली आणि टीएमबी या त्या एन्झाइमने निळ्या होणाऱ्या रसायनाचे थेंब सोडले. अँटीबॉडी जागेवर असेल तर थेंब निळा होतो, प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीत होतो तसा. आमच्या चिपवर दहा मिनिटांनी पुसटशी निळसर झाक आली, तीही कडेला. लेबल-फ्री सेन्सर तपासायला लेबलच लागलं.

दुरुस्ती

अँटीबॉडीच्या बाबतीत पहिली सूचना आली ती स्पिन फिल्टरने गाळून घेण्याची. त्याने अझाइड निघून जातं, पण बीएसए आणि अँटीबॉडी दोन्ही नेहमीच्या फिल्टरच्या वरच राहतात. म्हणून एक तर अँटीबॉडी धरून ठेवणाऱ्या प्रोटीन-एच्या स्तंभातून ती वेगळी करायची, किंवा बीएसए नसलेली नवी विकत घ्यायची. थोड्या मालासाठी स्तंभ चालवण्यात निम्मा वाया जाण्याची भीती होती. नवी मागवली. सहा आठवडे गेले.

एनएस-१ रात्रभर चार अंशांवर डायलिसिसला ठेवलं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून बफरमध्ये बुडवलं, की ग्लिसरॉल बाहेर निघून जावं आणि प्रथिन आत राहावं. इथे मॅडमनी एक बारीक गोष्ट शिकवली. डायलिसिसच्या शेवटी बाहेरच्या भांड्यात उरलेला बफर ओतून द्यायचा नाही, तोच गाळून पुढे पातळ करायला आणि धुवायला वापरायचा. पिशवीच्या आतला आणि बाहेरचा द्रव मग मिठासकट जुळतो. नवा बफर त्याच कृतीने केला तरी तो "तोच" नसतो. आमच्या उपकरणाला तो फरक दिसतो.

चिपचा निर्णय अवघड होता. मुळातला दोष झाकलेल्या रेफरन्समध्ये होता. दोन्ही वाटांना तोच द्रव दिसला असता तर ग्लिसरॉल, मीठ, तापमान सगळं दोन्हीकडे सारखं पडून आपसांत कटलं असतं. नवी रचना हवी होती: दोन्ही खिडक्या उघड्या, एकीवर एनएस-१ची अँटीबॉडी, दुसरीवर त्याच जातीची पण एनएस-१शी संबंध नसलेली उंदराचीच अँटीबॉडी. पण दोन वाटांवर दोन वेगळे लेप द्यायचे तर त्या एकमेकींपासून दूर हव्यात, आणि दूर केल्या की कॅमेऱ्यावरच्या फ्रिंज बारीक होतात. १०० मायक्रोमीटर अंतराला आमच्या मांडणीत एका फ्रिंजला २५ पिक्सेल मिळत होते, २५० केलं तर १०. सरांना ते टोचत होतं. मी म्हटलं, सर, दहा पिक्सेलवर फेज, म्हणजे फ्रिंज किती सरकली ते, काढता येते, पण चुकीच्या लेपावर काहीच काढता येत नाही. ते हसले नाहीत, पण २५० मान्य झालं.

चिप बनून यायला महिने लागणार होते. तोवर जुन्या चिपवर तात्पुरता उपाय म्हणून आधीच्या स्टॉकची सगळी द्रावणं आणि धुण्याचा बफरसुद्धा ०.०८ टक्के ग्लिसरॉलचा केला, म्हणजे सगळ्यात तीव्र द्रावणात जेवढं असेल तेवढं सगळीकडे. शिवाय नियम केला की सिग्नल नमुना वाहताना वाचायचा नाही, धुतल्यावर दहा मिनिटांनी जे उरेल तेवढंच आपलं.

परिणाम

नव्या अँटीबॉडीने आलेखाचं रूपच बदललं. चढ मंद झाला, पंधरा मिनिटं लागली. धुतल्यावर सिग्नल किंचित उतरून टिकून राहिला. ४ मायक्रोग्रॅमकडे जाताना रेषा वाकली. दिसायला आधीपेक्षा कुरूप आलेख, पण मॅडमनी तो पाहून मान डोलावली. किमान प्रमाण २०० नॅनोग्रॅमच्या घरात आलं, आधीच्या दाव्याच्या चौपट वाईट.

गोषवारा मागे घेतला. त्या मेलचा मसुदा सरांनी दोन दिवस लांबवला, मग स्वतःच लिहिला. विद्यार्थिनीचं एक सत्र गेलं. ग्लिसरॉलची गोष्ट तिच्या प्रबंधात स्वतंत्र प्रकरण म्हणून येणार आहे, आणि विभागातल्या चर्चासत्रात ती सांगितल्यावर दुसऱ्या लॅबमधला एक मुलगा उठून मुकाट्याने त्याच्या फ्रीझरकडे गेला, असं ऐकलं. सांगणारी विद्यार्थिनीच असल्याने खरं धरायला हरकत नाही.

दोन खिडक्यांची चिप आल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही मुद्दाम ग्लिसरॉल सोडलं. जुन्या चिपवर टेबल उभं राहायचं तिथे आता जेमतेम उंबरठा दिसला. लेप मात्र छळतो. दोन वाटांवर वेगळे लेप द्यायला सिलिकॉन रबराच्या दोन अरुंद वाहिन्या लावाव्या लागतात आणि चारपैकी एका चिपवर त्या गळतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, कंट्रोल. "नमुना नाही" आणि "नमुन्यातला फक्त तो एक रेणू नाही" यांतला फरक मी सही करण्याआधी विचारायला हवा होता. वहीत आता एक जादा रकाना आहे, त्यात व्हायलमध्ये मुख्य पदार्थाखेरीज काय काय आहे ते लिहायचं. रकाना रिकामा असेल तर मी पंप चालू करत नाही. विद्यार्थिनी वैतागते, पण भरते.

दुसरं, मॅडमना आम्ही तयार स्लाइड दाखवली, कच्चा आलेख नाही. पहिल्याच दिवशी तो त्यांच्या हाती पडला असता तर गोषवारा गेलाच नसता. दोन विभागांच्या इमारतींत रस्ता ओलांडण्याइतकंच अंतर होतं.

तापमानावर घालवलेले महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही, सर तसं म्हणतात. पण क्रम चुकला. आधी उपकरण कशाकशाला हलतं याची यादी करून प्रत्येकाचं माप कागदावर काढायला हवं होतं: तापमान इतकं, मीठ इतकं, ग्लिसरॉल इतकं, आणि शेवटी प्रथिन इतकं. ती यादी अर्ध्या पानाची झाली असती. बाहेरच्या यंत्रावर ताडून पाहण्याचा पर्याय सोडला, त्याबद्दल मात्र मला अजून खात्री नाही. आम्ही तो खर्चाचं कारण देऊन सोडला. खरं कारण बहुधा हे की आपल्या चिपला दुसऱ्याच्या यंत्राने नापास केलेलं आम्हाला नको होतं.

सीरमचा प्रश्न अजून उभाच आहे. रक्ताच्या सीरममध्ये प्रति मिलिलिटर ६० ते ८० मिलिग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यांतली काही मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटतात. दहापट पातळ केलेल्या निरोगी माणसाच्या सीरमनेही आमच्या चिपवर सिग्नल येतो. दोन खिडक्यांमुळे त्यातला बराच कटतो, सगळा नाही, कारण दोन लेप कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून रुग्णांच्या नमुन्यांबद्दल अहवालात एकही वाक्य नाही. गेल्या आठवड्यात विद्यार्थिनीने सीरम पातळ करायला घेतलेल्या नव्या बफरची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली, लेबल माझ्याकडे करून.